उपविजेत्याची भांडी

आमच्या गल्लीत लग्न निघालं, की सगळ्यात आधी महानंदाकाकूंच्या घरची भांडी मागितली जातात. कारण ती हरवत नाहीत. बाकीच्यांच्या पातेल्यांवर आडनावं घातलेली असतात, आणि एकाच आडनावाची चार घरं असली की पातेलं चौथ्या घरी जाऊन बसतं आणि तिथलंच होतं. काकूंच्या भांड्यांवर मात्र 'भोगावती करंडक, उपविजेता' असं कोरलेलं आहे. परातीवर, टोपावर, हंड्यावर, डब्यांच्या झाकणांवर, अगदी तुपाच्या लोटीवरसुद्धा. हे आमचं आहे, असं म्हणायला आजवर कुणी पुढं आलेलं नाही.

एक दुधाचं पातेलं तेवढं काकू कुणाला देत नाहीत. त्याच्यावर काय कोरलंय ते पुढं येईलच.

करंडक होता लॉन टेनिसचा. धाराशिवात लॉन टेनिस होतं, यावर आताच्या पोरांचा विश्वास बसत नाही. आमच्याकडं लॉन म्हटलं की लग्नाचं. त्यांचंही चूक नाही म्हणा. जिथं भोगावती जिमखान्याचं कोर्ट होतं, तिथं आज लग्नाचं लॉन आहे, टँकरच्या पाण्यावर पोसलेलं, हिरवंगार. टेनिस चालू होतं तेव्हा तिथं गवताची काडी नव्हती. मुरूम होता आणि वरून शेणाचं सारवण.

त्या सारवणापायीच बब्रुवानकाका टेनिसमध्ये आले. बब्रुवानकाका म्हणजे महानंदाकाकूंचे यजमान. मूळचे बेंबळीचे, आणि पाण्याशी संबंधित एका खात्यात कारकून. जिल्ह्यात पाणी नव्हतं, पण खातं मोठं होतं. मोठ्या खात्याला मोठे साहेब, आणि जो मोठा साहेब येईल तो खुर्चीबरोबरच जिमखान्याचा अध्यक्ष होऊन येई. अशाच एका साहेबांनी विचारलं, की कोर्ट नीट कोण करून देईल. ऑफिसनं काकांना पुढं केलं. खळं करणाऱ्या घरातला माणूस, शेणामातीचं त्याला कळणारच, असा हिशेब. काकांनी बेंबळीच्या ज्वारीच्या खळ्यासारखं कोर्ट चोपून, सारवून, गुळगुळीत करून दिलं. संध्याकाळी साहेब बूट घालून आत निघाले तेव्हा काकांच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, पायातलं..." खळ्यावर पायताण घालून जात नाहीत. पण साहेबांना ते सांगायचं कसं, म्हणून काकांनी पुढचं गिळलं. गिळायची सवय तिथून लागली.

आधी ते चेंडू गोळा करत. मग साहेबांना समोर कुणी खेळायला नसे म्हणून समोर उभे राहू लागले, आणि निघालं असं की माणसाला खेळ येतो. हाताला नेम होता. चेंडू जिथं म्हणाल तिथं पडायचा. हा नेम काकांनी कशासाठी वापरला? तर चेंडू बरोबर साहेबांच्या रॅकेटवर टाकण्यासाठी. साहेबांना जागचं हलावं लागत नसे. पोट सुटलेले, दम लागणारे साहेब बदलून आले आणि आपण खेळाडू आहोत अशा समजुतीत बदलून गेले.

करंडकाची स्पर्धा भरायची हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत. पत्रकावर 'मराठवाडा व सीमाभाग' असं छापलेलं असे आणि खरंच तेवढ्या भागातून लोक येत. लातूरचे वकील, बार्शीचे व्यापारी, गुलबर्ग्याचे प्रोफेसर, कुर्डुवाडीचे रेल्वेवाले. यातले काही चांगले खेळायचे, आणि खरी अडचण तीच होती, कारण करंडक मोठ्या साहेबांनी जिंकायचा अशी रीत होती. असं कुणी कधी बोललं नाही. बोलायची वेळच यायची नाही, कारण जोड्या लावणाऱ्यांना अक्कल होती. बाहेरून आलेला जो कुणी खेळणारा असेल तो काकांच्या बाजूला जाई. साहेबांच्या बाजूला तहसीलदार, गुडघे गेलेले शरणबसप्पा डॉक्टर आणि असेच दोघं-तिघं बिनधोक लोक. काकांनी बाहेरच्यांना खरं खेळून पाडायचं, आणि मैदान साफ झालं की शेवटच्या सामन्यात साहेबांपुढं स्वतः पडायचं.

आणि हे पडणं साधं नव्हतं. दोन सेटमध्ये सरळ हरलं तर साहेबांच्या जिंकण्याला काय किंमत? म्हणून पहिला सेट काका जिंकायचे. दुसरा हातातोंडाशी आला की जायचा. तिसऱ्यात बरोबरी, जाळीला लागणारे चेंडू, ऐन वेळी घसरणारा पाय. साहेबांचा चेंडू तर बाहेर पडतच नसे. तो जिथं पडेल तिथवर चुन्याची रेघ आहे असं पंच बघून घेत. शेवटी साहेब घामाघूम होऊन काकांच्या पाठीवर थाप मारत, "झुंजवलंस बरं का, बब्रुवान." मग साहेबांच्या हातात चांदीचा करंडक आणि काकांच्या हातात स्टीलचं भांडं.

"आणलं का?" घरी आल्यावर महानंदाकाकू विचारायच्या.

"आणलं."

"यंदा काय?"

"परात."

"गेल्या साली बी परातच हुती. कुणाला तरी सांगा की, साहेब बदलला तर भांडं बी बदला म्हणावं."

काकू टोमणे मारायच्या, पण त्यांना हिशेब ठाऊक होता. काकांच्या बरोबर नोकरीला लागलेले सगळे राज्यभर फिरत राहिले. कुणाची पोरं तीन-तीन शाळांत शिकली, कुणाच्या आईबापाला शेवटचं बघायला मिळालं नाही. काकांची बदली कधी झाली नाही. दर हिवाळ्याला हरायचं आणि दर उन्हाळ्याला बदल्यांच्या यादीत नाव नसायचं. त्या जोरावर काकूंनी आमच्यासमोर दोन खोल्या बांधल्या, दारात बोअर घेतली आणि तिला पाणी लागलं. आमच्या गावात दारात पाणी लागलेली बाई कशालाही नाही म्हणायच्या आधी दहांदा विचार करते.

त्यांना एकच मुलगी, शिवकन्या. काकांनी तिला लहानपणीच रॅकेट दिलं होतं, एका साहेबांनी टाकून दिलेलं, तारा बदललेलं. ऑफिसच्या पाण्याच्या टाकीची भिंत हे तिचं कोर्ट. बापाचा नेम तिच्या हातात जसाच्या तसा उतरला होता. फक्त तो कुणाच्या रॅकेटवर घालवायचा नसतो तर जिथं कुणी नाही तिथं मारायचा असतो, हे तिचं तिनं शोधून काढलं होतं.

मी लग्न होऊन त्या गल्लीत आले त्याच हिवाळ्याची ही गोष्ट. तेव्हाच्या साहेबांची मुलगी पुण्यात शिकायला होती आणि तिथं टेनिसच्या शिकवणीला जायची. तिला सगळे बेबीताई म्हणायचे. बेबीताई सुट्टीला धाराशिवला येणार असं कळलं, आणि त्याच आठवड्यात जिमखान्याच्या ध्यानात आलं की इतकी वर्षं आपण मुलींवर फार अन्याय केला. करंडकात मुलींची स्पर्धा सुरू झाली. मुली चार मिळाल्या. बेबीताई, शरणबसप्पा डॉक्टरांची लेक, कुर्डुवाडीची एक रेल्वेवाल्याची मुलगी, आणि चौकडी पुरी करायला शिवकन्या.

पहिल्या दिवशी बेबीताईनं डॉक्टरांच्या लेकीला हरवलं. शिवकन्यानं कुर्डुवाडीच्या मुलीला हरवलं. काकांनी यातलं काहीच पाहिलं नाही. ते येडशी स्टेशनवर होते, पाहुणे खेळाडू उतरवून घ्यायला. बार्शीकडून येणारी ती छोटी गाडी तेव्हा इतक्या सवडीनं यायची, की काका सकाळी गेले ते दिवे लागायच्या सुमाराला परतले. परतले ते साहेबांच्या बंगल्यावर निरोप सांगायला गेले. तिथून आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

मी आमच्या पायरीवर तूर निवडत बसले होते. समोर काकू बोअरच्या नळाला कळशी लावून उभ्या होत्या.

"काय म्हणले साहेब?" काकूंनी विचारलं.

"म्हणले, बेबी पहिल्यांदाच आपल्याकडं खेळतीय. तिला बरं वाटलं पाहिजे."

"मग वाटू द्या की."

"म्हणले, यंदा बदल्यांची यादी लवकर काढायचीय."

कळशी भरून वाहू लागली तरी काकूंनी नळ बंद केला नाही. आमच्या गल्लीत असं पाणी वाहू देणं म्हणजे मोठीच गोष्ट. शेवटी मीच ओरडले तेव्हा त्यांनी हात घातला.

काकांनी शिवकन्याला अंगणात बोलावलं. मला वाटलं, माणूस लेकीपुढं रडेल, हात जोडेल. छे. त्यांनी तिला हरायचं कसं ते शिकवायला घेतलं. अगदी मन लावून, जशी एखादी आई पुरणपोळी लाटायला शिकवते. बापाकडं दुसरी कला नव्हतीच.

"हे बघ, चेंडू बाहेर मारायचा न्हाय. लोकांस्नी लगेच कळतंय. जाळीत बी घालायचा न्हाय. आपण नीट खेळायचं, समोरच्याला नीट खेळू द्यायचं."

"म्हणजे कसं, अण्णा?"

"तिच्या उजव्या हाताला द्यायचा. प्रत्येक येळी, बरोबर उजव्या हाताला. मग ती मारती, आपण थोडं उशिरा पोचायचं. संपलं."

शिवकन्यानं रॅकेटच्या तारा बोटानं सरळ केल्या. मग म्हणाली, "उजव्याच हाताला ना?"

"व्हय. कायम उजव्या."

"दुसरीकडं कुठंच न्हाय?"

"आजाबात न्हाय. एक चेंडू बी दुसरीकडं जाता कामा न्हाय."

"बरं," शिवकन्या म्हणाली. "तुम्ही म्हणताव तसंच करते."

काकू उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "लेकराला शाळंत घालून काय उपयोग झाला म्हणायचा. हे घरीच शिकवता आलं असतं." आणि आत गेल्या. पण पोरीला हरू नको असंही म्हणाल्या नाहीत. पाण्याची कळशी त्यांच्या कमरेवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बाहेरच्यांना नेहमीसारखं पाडून घेतलं. दुपारी मुलींचा शेवटचा सामना आणि त्याला लागूनच पुरुषांचा. आम्ही बायका मागच्या खुर्च्यांवर. साहेब आणि साहेबीणबाई पुढं, सोफ्यावर. बक्षिसाची भांडी टेबलावर मांडलेली आणि त्यांच्यावर नावंही आदल्या दिवशीच घालून आणलेली. जिमखान्याचा कारभार कसा वेळेवर. 'विजेती'च्या पातेल्यावर बेबीताईचं नाव, 'उपविजेती'च्या डब्यावर शिवकन्याचं.

बेबीताई पांढरेशुभ्र कपडे घालून आली, हसली, रॅकेट हातात घेतलं. डाव्या हातात.

बेबीताई डावखुरी होती. अख्ख्या जिमखान्यानं हे काल पाहिलं होतं. शिवकन्यानंही पाहिलं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त येडशी स्टेशनवर बसलेल्या माणसाला. सगळा जन्म साहेबांच्या उजव्या हाताला चेंडू देण्यात गेल्यामुळं माणसाला डावा हातही असू शकतो, हे काकांच्या मनात आलंच नव्हतं.

सामना सुरू झाला. शिवकन्यानं पहिला चेंडू बेबीताईच्या उजव्या हाताला दिला. तिचं रॅकेट डावीकडं. ती वळली, हात आडवा केला, चेंडू जाळीत. दुसरा उजव्या हाताला. चेंडू आभाळात. तिसरा उजव्या हाताला. काका खुर्चीतून अर्धे उठले. मग आपला डावा हात मांडीवर हळूच हलवू लागले, माशी हाकलल्यासारखा. मग जोरात हाकलू लागले. शेजारच्या तहसीलदारांनी त्यांना विचारलंही, की इथं डास फार आहेत का.

शिवकन्यानं बापाकडं एकदाही बघितलं नाही. खेळताना प्रेक्षकांत बघायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. इतकी आज्ञाधारक मुलगी मी दुसरी पाहिली नाही. एक चेंडू तिनं दुसरीकडं जाऊ दिला नाही.

ती जिंकली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळेना, म्हणून लोक साहेबांच्या हाताकडं बघू लागले. साहेबांचे हात सोफ्याच्या दांड्यांवर होते. पहिली टाळी बेबीताईनं वाजवली. जाळीवरून वाकून तिनं शिवकन्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "माझा बॅकहँड फार वाईट आहे, तुला कसं कळलं?" शिवकन्या म्हणाली, "अण्णांनी सांगितलं."

हे साहेबांनी ऐकलं.

आणि लगेच, त्याच कोर्टवर, काकांना त्याच साहेबांसमोर शेवटचा सामना खेळायचा होता. खरं तर सगळं सावरायला ही सोन्यासारखी संधी. नेहमीसारखं झुंजवून, तिसऱ्या सेटला घसरून पडलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण काका घाबरले होते. घाबरलेला माणूस हिशेबानं हरू शकत नाही. ते धडाधड हरले. चेंडू जाळीत, बाहेर, एक तर मांडवावर. साहेबांना एकदाही नीट मारायला मिळालं नाही. दोन सेटमध्ये सरळ सामना संपला, आणि आजवर जे सगळ्यांना माहीत असूनही कुणाला दिसत नव्हतं ते त्या दुपारी शेवटच्या रांगेतल्या पोरासोरांनासुद्धा दिसलं. कुणीतरी मागून हसलं.

मला अजून वाटतं, बदली झाली ती लेक जिंकली म्हणून नाही. बाप नीट हरला नाही म्हणून.

बक्षिसं वाटली गेली. कोरलेलं तर कोरलेलं, म्हणून पातेलं बेबीताईला आणि डबा शिवकन्याला. काकूंनी घरी डबा उलटसुलट करून पाहिला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "घराण्याची रीत मोडली न्हाय." काका भिंतीकडं तोंड करून निजले होते. त्यांनी लेकीला काही विचारलं नाही. काय विचारणार? तिनं शब्द पाळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. बेबीताई एकटीच उतरली, हातात पातेलं. शिवकन्या दारात आली तशी ते तिच्या हातात दिलं. "तुझं आहे हे," म्हणाली. "नाव माझं घातलंय, त्याला इलाज नाही." आणि जीपमध्ये बसून गेली. एवढ्या सगळ्या प्रकरणात खेळाडूसारखं वागलेलं ते एकच माणूस.

उन्हाळ्यात यादी निघाली. काकांची बदली सिरोंच्याला. धाराशिवहून त्याच्या पलीकडं महाराष्ट्र नाही. काकूंनी घराला कुलूप लावलं, बोअरची मोटर आमच्या स्वाधीन केली, उपविजेत्याची सगळी भांडी आमच्या माळ्यावर ठेवली. ते पातेलं तेवढं जुन्या साडीत गुंडाळून बरोबर घेतलं.

"एवढंच नेताव?" मी विचारलं.

"बाकीचं नवऱ्याचं हाय," काकू म्हणाल्या. "हे माझ्या लेकीचं हाय."

करंडकाचं पुढं काय झालं, ते थोडक्यात सांगता येईल. पुढच्या हिवाळ्यात कुर्डुवाडीचा एक तिकीट तपासनीस आला. त्याला अडवायला काका नव्हते. त्यानं सगळ्यांना पाडत पाडत साहेबांना गाठलं, आणि त्यांनाही पाडून करंडक पिशवीत घालून छोट्या गाडीनं घेऊन गेला. त्यानंतरच्या वर्षी 'अपरिहार्य कारणास्तव' स्पर्धा पुढं ढकलण्यात आली. ती अजून पुढंच आहे. एका मोठ्या भागातली एक जुनी स्पर्धा बंद पडली ती पैशावाचून नाही, खेळाडूंवाचून नाही. हरायला माणूस मिळेना म्हणून.

सिरोंच्याला साहेब खेळत नव्हते. तिथले साहेब ताडीचे शौकीन. ऑफिसमागं सपाट जागा होती, ती काकांनी पुन्हा चोपली, सारवली. संध्याकाळी बापलेक तिथं खेळायचे. काकूंनी मला नंतर सांगितलं, पहिल्या दिवशी सवयीनं काकांचा प्रत्येक चेंडू शिवकन्याच्या रॅकेटवरच जाऊ लागला. तिनं रॅकेट खाली ठेवलं.

"अण्णा, मी साहेब हाय का?"

काकांनी ते उचलून तिच्या हातात दिलं. पुढचा चेंडू त्यांनी पार पलीकडच्या कोपऱ्यात मारला. ती पळाली, पोचली नाही. मग दुसऱ्या कोपऱ्यात. "लेकराला कुत्र्यावानी पळवलं," काकू म्हणाल्या. "हरली, गुडघे फोडून घेतले, आन घरी आली ती हसतच."

काका निवृत्त होऊन परत आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भांडी आमच्या माळ्यावरून खाली उतरून पुन्हा लग्नांना जाऊ लागली. शिवकन्या नांदेडला जनावरांची डॉक्टर आहे.

परवा त्यांच्याकडं दिग्विजय आला होता. हा आता जिमखान्याचा सचिव, आणि लग्नाचं ते लॉनही याचंच. मी काकूंबरोबर शेंगा फोडत बसले होते. दिग्विजयनं काकांच्या पाया पडून सांगितलं, की जिमखान्याची पंचाहत्तरी आहे. करंडकाचा गौरवशाली इतिहास छापायचाय. आणि त्या दिवशी लॉनवर चटई अंथरून एक सामना ठेवायचाय, प्रदर्शनी, काका आणि आत्ताचे मोठे साहेब यांच्यात.

"साहेबांना लई आवड आहे," तो म्हणाला. "नुकतंच शिकलेत. लॉनच्या परवानगीचं काम त्यांच्याकडंच आहे, म्हणून म्हणलं, जुनी परंपरा परत सुरू करावी."

काकांनी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. "माझ्याच्यानं आता हरणं बी जमत न्हाय, दिग्विजय."

"काका, तुमच्याशिवाय कोण? असं खेळणारं आता हाय का गावात कुणी?"

काकू आत जाऊन चहा घेऊन आल्या. दूध त्यांनी त्याच पातेल्यात तापवलं होतं, आणि चहाबरोबर ते पातेलंही आणून दिग्विजयच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं त्याच्यावरचं वाचलं, 'विजेती', आणि खालचं भलतंच नाव वाचून गोंधळला.

"शिवकन्या येतीय दिवाळीला," काकू शांतपणे म्हणाल्या. "तिला उभी करा साहेबासमोर. बापाचं ऐकून खेळती ती. फक्त साहेब डावरे हैत का, ते आधी विचारून घ्या."